अकरा पोरं होडीत होती

मावशीच्या लेकीला जुळं झालं, आणि दोन्ही पोरी महिन्याच्या आत आजीच्या घंटेला इतक्या सरावल्या की सकाळचा टोल कानावर पडल्याशिवाय डोळे उघडेनात, त्या वर्षीची ही गोष्ट.

मावशी म्हणजे नदीकाठच्या शाळेची शिपाईण. नात्याने ती कुणाचीच मावशी नव्हती, पण दोन पिढ्यांची नाकं तिने पुसली होती, तेव्हा नातं लागलंच म्हणायचं. नवरा याच शाळेत शिपाई होता. तो गेल्यावर त्याची जागा तिला मिळाली. रुजू झाली तेव्हा तिने कागदावर अंगठा उठवला होता. त्या अंगठ्याची तिला इतकी लाज वाटली की पुढे झाडलोट उरकून ती रोज पहिलीच्या वर्गात शेवटच्या पाटावर जाऊन बसू लागली. तेव्हा तिचं वय चाळीस. पोरांनी तिला अक्षरं शिकवली आणि तिने पोरांना शेंबूड पुसायला शिकवलं. दोन्ही बाजूंना वेळ सारखाच लागला, असं ती म्हणायची.

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, व्हरांड्याच्या तुळईला साखळीने टांगलेला. त्याच्यावर लोखंडी गजाने टोल द्यायचे. आवाज असा की पाण्यावरून सरळ पलीकडच्या काठाला जायचा. पलीकडे वीटभट्टीची वस्ती होती. तिथली अकरा पोरं या शाळेत यायची, आणि त्यांना आणायचा मावशीचा दीर. तो होडीवाला. गाव त्याला भाऊजीच म्हणायचं, कारण मावशी म्हणायची.

अकरा वर्षांपूर्वी एक पोरगी शाळेच्या वेळेआधीच काठावर येऊन उभी राहिली आणि पाय घसरून पाण्यात गेली. भाऊजीने उडी टाकली आणि वेणीला धरून तिला बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी मावशी होडीत बसून पलीकडे गेली आणि घराघरात सांगून आली, "पहिली घंटा कानावर आल्याशिवाय पोर पाण्याकडे सोडायचं नाही. मी हाक मारली, भाऊजींनी मारली, साक्षात देवाने मारली, तरी नाही. घंटा म्हणजे घंटा." वस्तीतल्या बायांनी ते असं मनावर घेतलं की पुढे पोरं कूस बदलतानासुद्धा म्हणायची, घंटा झाली नाही अजून.

तेव्हापासूनचा रिवाज असा. पहिली घंटा झाली की पोरं घरातून निघायची, होडीत बसायची, होडी सुटायची. कागदावरच्या नियमात पहिल्या आणि दुसऱ्या घंटेत दहा मिनिटं. पण नदी काही कागद वाचत नाही. पाणी उतरलेलं असेल तर वीस मिनिटं, चढलेलं असेल तर अर्धा तास. म्हणून होडी काठाला लागून शेवटचं पोर फाटकातून आत आलं, की मगच मावशी दुसरी घंटा द्यायची. हजेरी त्यानंतर. जुने मोठे गुरुजी म्हणायचे, "मावशी, घड्याळ माझ्याकडे राहू द्या, होडी तुमच्याकडे." हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही. लिहायची गरज आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

ते गुरुजी निवृत्त झाले आणि नव्या मोठ्या बाई आल्या. बाई चांगल्या होत्या. पोरांना मारत नसत, स्वतः फळा पुसत. पण वेळेच्या बाबतीत सुरीसारख्या. दुसरी घंटा रोज उशिरा होते हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिलं आणि म्हातारीचा ढिसाळपणा म्हणून तीन महिने गिळलं. मग एक दिवस तपासणीचं पत्र आलं, आणि तपासणी दुसऱ्याच दिवशी. पन्नासच्या खाली हजेरी भरली तर शाळेचं अनुदान थांबणार आणि पोरं चौदा किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जाणार. शाळेच्या पटावर चौपन्न नावं होती.

"उद्या घंटा घड्याळावर," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटं म्हणजे दहा. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही."

"बाई, होडी..."

"होडीला लवकर यायला सांगा. मावशी, उद्या आपल्याला कुणी ढिसाळ म्हणता कामा नये."

हा शब्द मावशीला लागला. संध्याकाळी तिने भाऊजीला निरोप दिला. तो म्हणाला, "वहिनी, कोंबड्याच्या आधी होडी लावून बसतो की नाही बघा."

आणि बसलाही. तांबडं फुटायच्या आत पलीकडच्या काठाला होडी लावून हाका मारायला लागला. घसा बसेपर्यंत मारल्या. वस्तीतून एक बाई दारात आली आणि म्हणाली, "भाऊजी, आज लवकर चढली का? घंटा कुठे झालीय?" तो म्हणाला, शाळेत तपासणी आहे, पोरं पाठवा. ती म्हणाली, मावशीने सांगितलंय, कुणीही हाक मारली तरी नाही. दार लागलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं मावशीचंच सांगणं मावशीच्या आड आलं.

इकडे तपासनीस पहाटेच्या गाडीने येऊन व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. सडपातळ, अबोल माणूस. मनगटावरचं घड्याळ त्याने काढून समोरच्या टेबलावर ठेवलं होतं. त्यामुळे पहिली घंटा लवकर द्यायची सोय नव्हती. ठरल्या मिनिटाला मावशीने टोल दिले. पलीकडे दारं उघडली, पोरं पळत सुटली. ठिपके ठिपके काठाला आले, होडीत चढले. पाणी चढलेलं होतं.

चार मिनिटांनी होडी सुटली. सहा झाली, सात झाली. इकडची पोरं रांगेत उभी राहिली होती. मावशी गज हातात धरून उभी होती आणि तिची नजर पाण्यावर होती. भाऊजी असा वल्हवत होता की इतक्या दुरून त्याची पाठ वाकताना दिसत होती. नऊ झाली. होडी अजून निम्म्यात आली नव्हती.

मावशीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. तपासनीस खुर्चीतून उठला आणि व्हरांड्याच्या नदीकडच्या टोकाला जाऊन, हात मागे बांधून उभा राहिला. मावशीला पुढे कितीदा तरी वाटलं की तेव्हा गज हातातून पडला असता तरी चाललं असतं. म्हाताऱ्या बाईच्या हातातून गज पडतो, त्यात काय. पण तो शब्द डोक्यात बसला होता. ढिसाळ. तिने हात उचलला आणि दुसरी घंटा दिली.

तपासनीसाने पटावरचं एकेक नाव पुकारून मुलं मोजली. त्रेचाळीस. हजेरीपटावर आडवी रेघ मारली आणि सही केली. होडीतली पोरं धापा टाकत फाटकातून आत आली तेव्हा सहीची शाई वाळली नव्हती.

"साहेब, ही बघा, आलीच," बाई म्हणाल्या.

"घंटेनंतरचा तो गैरहजर," तो म्हणाला. "नियम मी केला नाही, बाई. मी फक्त मोजतो."

आठ दिवसांनी हुकूम आला. पुढच्या सत्रापासून शाळा बंद. नदीच्या त्या पट्ट्यात एकूण चौदा शाळांना असाच हुकूम आला होता. कुणाची पोरं एकदमच आजारी होती, कुणाच्या रस्त्यावर दरड आली होती. प्रत्येकीची मोजणी एकाच सकाळची.

चौदा गावांनी मिळून शाळा बचाव समिती केली. समितीचा म्होरक्या होता गणवेश शिवणारा शिंपी. लोक म्हणत, शाळा बंद पडल्या तर हा काय लंगोट शिवणार? त्याच्या कानावर आलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणू देत. पोट आणि तत्त्व एका बाजूला असलं की माणूस दमत नाही." त्याने खरंच दम घेतला नाही. गावोगाव हिंडला, सह्या गोळा केल्या, विभागीय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आणि शेवटी सुनावणीची तारीख मिळवली.

तारखेच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, तो मावशीच्या घरी आला. भाऊजी आधीच येऊन बसला होता. लेक एका पोरीला पाजत होती, दुसरी मावशीच्या मांडीवर होती.

"नियमात एक फट आहे," शिंपी म्हणाला. "वाहनाचा आकस्मिक बिघाड असेल तर फेरमोजणी मिळते. भाऊजींनी एवढंच सांगायचं, वल्हं मोडलं."

"वल्हं काय, होडी मोडली सांगतो," भाऊजी म्हणाला.

"आणि परवाना?" मावशीने विचारलं. "मोडक्या वल्ह्याने पोरं पाण्यात घातली म्हणून परवाना काढून घेतील. मग काय करणार तुम्ही?"

"मासे धरीन."

"तुम्हाला मासे कधी लागलेत, भाऊजी? जन्मात एकदा गळाला चप्पल लागली होती."

"दोन लागल्या होत्या, वहिनी. जोड झाली होती."

लेक हसली. शिंपी हसला नाही. मावशीही हसली नाही.

"खरं सांगितलं तर काय होईल?" तिने विचारलं.

"खरं काय? तुम्ही अकरा वर्षं दुसरी घंटा उशिरा दिली, हे?" शिंप्याने आवाज खाली आणला. "मावशी, ते म्हणतील, यांची अकरा वर्षांची हजेरीच खोटी. मग बाकीच्या तेरा शाळांच्या हजेरीवर बोट ठेवतील. आणि तुमची निवृत्ती दोन महिन्यांवर आहे. घंटा वेळेवर न देणारा शिपाई म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको."

"काका स्वतः होऊन म्हणतोय ना, आई," लेक म्हणाली. "तुझं कुठे अडलंय? या दोघींना काय अंगठा उठवायला शिकवायचं आहे?"

मांडीवरची पोर मावशीचं बोट तोंडात घालून चावत होती. शाळा गेली तर या दोघींना सहा वर्षांनी चौदा किलोमीटर कोण नेणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. परवाना गेला तर भाऊजीचं काय, तेही. आणि त्या घंटेचे टोल तिने स्वतःच्या हाताने दिले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं कुणाच्या नावाने?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने पहिलीच्या वर्गातली दुरेघी वही घेतली आणि तिच्या जुन्या पाटावर बसून लिहायला लागली. बाई दारातून डोकावल्या.

"काय लिहिताय?"

"अभ्यास," मावशी म्हणाली.

बाई दारातूनच परत फिरल्या.

विभागीय कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. खोली लांबट, खिडक्या बंद, एका भिंतीला फायलींचे गठ्ठे छतापर्यंत. चौदा गावांची माणसं बाकांवर मावत नव्हती, काही भिंतीला टेकून उभी होती. समोर अधिकारी बसला होता. त्याला सर्दी झाली होती आणि दर दोन वाक्यांनी तो रुमाल काढायचा. त्याच्या शेजारी तोच तपासनीस. त्याने इथेही घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं.

शिंपी चांगला बोलला. म्हणाला, "साहेब, गिऱ्हाइकाचं माप मी एकदाच घेतो, पण तो उभा राहिल्यावर घेतो, धावताना नाही. एका सकाळच्या मोजणीवर शाळेचं माप काढू नका. पटावरची मुलं बघा, वर्षभराची हजेरी बघा. जिथे नदी आहे, घाट आहे, तिथे वेगळा हिशोब धरा." मागच्या बाकांवर कुजबुज झाली, माना हलल्या.

"भावना पोचल्या," अधिकारी म्हणाला. "आता एकेक शाळा घेऊ. पहिली नदीकाठची. त्रेचाळीस हजर. अकरा मुलं का नव्हती? कारण सांगा, भाषण नको."

शिंप्याने भाऊजीकडे पाहिलं. भाऊजी उठला. धुतलेला सदरा घातला होता, तो पाठीला घामाने चिकटला होता.

"साहेब, मी होडीवाला. त्या दिवशी वल्हं..."

आणि तेवढ्यात मावशीला दिसलं की तपासनीसाने मान वर केली. आतापर्यंत तो कागदांत बघत होता. आता भाऊजीच्या हातांकडे बघत होता. हा माणूस त्या सकाळी व्हरांड्याच्या नदीकडच्या टोकाला उभा होता. होडी पाण्यावर असताना, घंटा होईपर्यंत. वल्ही किती चालत होती ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"भाऊजी, बसा," ती म्हणाली.

"वहिनी, मला..."

"बसा म्हणते ना."

तो बसला. शिंप्याने कपाळावर हात मारून घेतला नाही एवढंच. मावशी उभी राहिली आणि पदराच्या गाठीतून घडी केलेला वहीचा कागद काढला.

"तुम्ही कोण?"

"शाळेची शिपाईण. घंटा मी देते."

"लेखी आणलंय? द्या इकडे."

"देते, साहेब. पण आधी वाचते. माझं अक्षर माझं मलाच लागतं."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मावशी वाचायला लागली. एकेका शब्दावर बोट ठेवून, पहिलीतली पोरं वाचतात तसं.

"पहिल्या घंटेला पोरं घरातून निघतात. आधी निघू नये हे मी सांगितलं, कारण एक पोर बुडत होती. नदीला अर्धा तास लागतो. म्हणून अकरा वर्षं मी दुसरी घंटा होडी आल्यावर दिली. तपासणीच्या दिवशी घड्याळावर दिली. होडी मला दिसत होती. तरी दिली. पोरं उशिरा आली नाहीत. घंटा लवकर झाली. चूक माझी आहे. शिक्षा मला करा आणि पोरं पुन्हा मोजा."

अधिकाऱ्याने रुमाल काढला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"अकरा वर्षं कुणाच्या परवानगीने?"

जुन्या गुरुजींचं नाव मावशीच्या ओठांवर आलं. ते घरी होते, त्यांचं पेन्शन चालू होतं, गुडघे गेले होते. तिने नाव गिळलं.

"परवानगी घेतली नाही."

"याचा अर्थ तुम्हाला समजतो?"

"समजतो. दोन महिने राहिलेत माझे."

तेव्हा मागून मोठ्या बाई उठल्या. "घड्याळावर घंटा द्यायचा हुकूम माझा होता," त्या म्हणाल्या. "मावशी होडीचं सांगत होत्या. मी ऐकून घेतलं नाही."

अधिकारी तपासनीसाकडे वळला. "तुम्हाला होडी दिसत होती?"

"दिसत होती."

"मुलं दिसत होती?"

"अकरा," तपासनीस म्हणाला. "मोजली होती."

"मग थांबला का नाही?"

त्याने टेबलावरचं घड्याळ उचललं, मनगटावर बांधायला लागला, आणि पट्टा काही लागेना. "घंटा झाली होती," तो म्हणाला.

मावशीला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या सकाळी भाऊजीच्या तोंडावर दार लावणारी पलीकडची बाई हेच म्हणाली होती, वेगळ्या शब्दांत. सगळी नदी, दोन्ही काठ, हा साहेबसुद्धा, तिच्या हातातल्या गजाकडे बघून चालत होता, आणि एका सकाळी तिने तो हात घड्याळाला दिला होता.

शिंपी तिला मागे टाकून जिना उतरला. रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "मावशी, तुम्ही माझं सगळं शिवलेलं उसवलंत."

"कच्चा टाका होता," मावशी म्हणाली. "तो बघत होता."

पुढचे पंधरा दिवस फार वाईट गेले. तेरा गावांतली माणसं बाजारात भेटली की मान फिरवायची. एका गावात म्हणे कुणीतरी बोललं की म्हातारीने एका घंटेसाठी चौदा शाळांना तिलांजली दिली. लेक धुसफुसत होती. भाऊजी रोज पोरं आणत होता, आणि मावशी रोज दुसरी घंटा होडी आल्यावर देत होती. बाई ऑफिसच्या दारात उभ्या राहून बघायच्या आणि घंटा झाली की हजेरी घ्यायला वळायच्या.

मग एका दुपारी दोन लिफाफे आले. पहिल्यात फेरमोजणीचा हुकूम होता. त्यात असंही होतं की नदी किंवा घाट ओलांडून मुलं येतात अशा शाळांत पहिल्या आणि दुसऱ्या घंटेत अर्धा तास ठेवावा, आणि तशी नोंद वेळापत्रकात करावी. फेरमोजणीला तोच तपासनीस आला. तो काठावर जाऊन होडीची वाट बघत उभा राहिला आणि पोरं उतरताना मोजली. त्रेपन्न भरली, एकाला गोवर आला होता. शाळा राहिली. चौदांपैकी नऊ राहिल्या. पाच गेल्या, त्यांच्या वाटेत नदी नव्हती, घाट नव्हता, नुसतीच पोरं कमी होती. शिंपी त्या पाचांसाठी पुढेही अर्ज करत राहिला. त्यातली एकही परत उघडली नाही.

दुसरा लिफाफा मावशीच्या नावाचा होता. बाई म्हणाल्या, मी वाचून दाखवते. मावशी म्हणाली, नको. तिने तो व्हरांड्यात बसून बोट ठेवून दोनदा वाचला. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल त्या तारखेपासून सेवेतून कमी. राहिलेले दोन महिने धरले जाणार नाहीत. त्या दोन महिन्यांनी तिची वीस वर्षं पुरी होणार होती. आता पेन्शन निम्मंच बसणार होतं.

"मी लिहिते वरती," बाई म्हणाल्या. "मी जाऊन भेटते."

"जा की," मावशी म्हणाली. "पण उद्या सकाळी आधी घंटा द्या. पहिली झाली की नदीकडे तोंड करून उभ्या राहा. घड्याळाला पाठ."

तिने गज पदराने पुसला आणि बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तीनदा लिहिलं. उत्तर एकदाही आलं नाही. मावशीने घरी बसून दोन्ही नातींना शाळेत जायच्या आधीच लिहायला शिकवलं, दुरेघी वहीत.

भाऊजी तिसऱ्या वर्षी थंडीत गेला, बुधवारी, घरीच, झोपेत. मावशी गेली ती नाती चौथीत असताना, वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपारी.